घरचा संगणक : कोठी एक, पेट्या अनेक

एका वाचकभगिनींनीं पत्र पाठवून एक साधा प्रश्न विचारला आहे. त्यांच्या घरच्या संगणकांत जागा अपुरी पडूं लागली. कोठें काय सांठलें आहे तें पाहूं जातां 'सी' या मुख्य विभागांत 'प्रोग्राम फाइल्स' या एकाच नांवाचे दोन कप्पे त्यांस आढळले. एक नुसता, आणि दुसरा 'एक्स ८६' अशी शेपटी लावलेला. "घरांत एकाच जिनसाचे दोन डबे निघाले कीं एक रिकामा करावा, हा आमचा नेहमींचा रिवाज. येथेंहि तसेंच करावें काय?" असें त्या विचारतात.

उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर 'नको' एवढेंच आहे. परंतु नुसत्या 'नको'नें कोणाचें समाधान होत नाहीं, आणि होऊंहि नये. शिवाय या कप्प्यांची व्यवस्था ठाऊक नसल्यामुळें एका चांगल्या नांदत्या घरांत कसा अबोला उत्पन्न झाला, हें मीं स्वतः पाहिलेलें आहे. म्हणून या महिन्यांत तोच विषय घेतों.

आमचें आजोळ सोलापूरचें. लहानपणीं सुटींत मामांबरोबर मागाचा कारखाना पाहावयास आम्ही मुलें जात असूं. सोलापुरी चादरीवर जी नक्षी उठते ती जेकार्ड नांवाच्या यंत्राच्या साह्यानें. जोझेफ मारी जाकार या फ्रेंच कारागिरानें तें १८०४ च्या सुमारास सिद्ध केलें. मागाच्या डोक्यावर भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ टांगलेली असते. एक पुठ्ठा पुढें आला कीं, जेथें भोंक असेल तेथला उभा धागा उचलला जातो, नसेल तेथला खालींच राहतो. मधून आडवा धागा धावतो, आणि दुसरा पुठ्ठा पुढें सरकतो. थोडक्यांत, पुठ्ठ्यांची माळ म्हणजे मागास दिलेला नक्षीचा हुकूम. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें आपल्या नियोजित गणनयंत्रासाठीं हीच युक्ति उचलली. आपण ज्यास आज प्रोग्राम म्हणतों, तो त्या माळेचा दूरचा वंशजच होय.

आतां मागावरची व्यवस्था मनांत आणा. माळेची जागा मागावर, सुताची जागा निराळी, आणि विणून झालेली चादर ज्याची त्याच्या गठ्ठ्यांत. तयार चादर पुठ्ठ्यांच्या माळेस बांधून ठेवावी असें कोणाच्या मनांतहि येणार नाहीं. कारण उद्यां नक्षी बदलली आणि माळ उतरविली तर तिच्याबरोबर चादरहि जावयाची. शिवाय एका माळेवर दहा गिऱ्हाइकांच्या चादरी निघतात. माळ कोणा एकाची नव्हे. संगणकांतील कप्प्यांची सारी रचना या एका विवेकावर उभी आहे : हुकूम निराळा, माल निराळा, हुकूम सामाईक, माल ज्याचा त्याचा.

हा विवेक विंडोजमध्यें मात्र पहिल्यापासून नव्हता. जुन्या काळीं प्रत्येक प्रोग्राम 'सी' विभागांत वाटेल तेथें आपलें बिऱ्हाड थाटी. अनेकांस लागणाऱ्या साहाय्यक फाइली तर खुद्द विंडोजच्या कप्प्यांत टाकल्या जात. एकानें आणलेली फाइल दुसऱ्यानें आणलेल्या त्याच नांवाच्या फाइलीनें झांकली गेली कीं पहिला प्रोग्राम बंद पडे. १९९५ सालीं विंडोज ९५ आलें आणि 'प्रोग्राम फाइल्स' हा नेमका कप्पा रूढ झाला. त्यापूर्वीं फाइलीचें नांव आठ अक्षरांचें आणि शेपटी तीन अक्षरांची, एवढीच मुभा होती. नव्या पद्धतींत २५५ अक्षरांपर्यंत नांव देतां येऊं लागलें. दोन शब्दांचें, मधें मोकळी जागा सोडलेलें हें ऐसपैस नांव म्हणजे त्या नव्या सवलतीची खूणच होती.

आजची मांडणी आपल्या जुन्या वाड्याच्या भाषेंत सांगतां येईल. 'प्रोग्राम फाइल्स' ही कोठीची खोली. प्रत्येक प्रोग्रामास तेथें स्वतःची एक फळी. फळीवर त्याचा मुख्य हुकूम, त्याच्या साहाय्यक फाइली, त्याचीं चित्रें. घरांतील कोणीहि तेथील वस्तु वापरावी, पण फळीवर कांहीं नवें मांडावयाचें तर किल्ली घरच्या कर्त्यानेंच लावावयाची. 'प्रोग्रामडेटा' हें माजघरांतलें सामाईक फडताळ. प्रोग्रामास सर्वांसाठीं मिळून जें ठेवावें लागतें तें तेथें राहतें. सामान्यतः तें नजरेआड ठेवलेलें असतें. 'युजर्स' या कप्प्यांत घरांतील प्रत्येक खातेदाराची स्वतंत्र खोली. तेथें त्याचे कागदपत्र, त्याचीं छायाचित्रें. आणि त्याच खोलींत 'ॲपडेटा' नांवाची एक झांकलेली पेटी. अक्षरें केवढीं असावींत, शेवटीं कोणती फाइल उघडली होती, अशा ज्याच्या त्याच्या संवयी प्रोग्राम या पेटींत टिपून ठेवतात. याशिवाय 'रजिस्ट्री' नांवाची एक बारनिशी असते. कोणता प्रोग्राम कोणत्या फळीवर बसविला, कोणत्या जातीची फाइल कोणी उघडावयाची, याची नोंद तींत राहते.

कोठीस खरें कुलूप लागलें तें विंडोज व्हिस्टाच्या काळीं, म्हणजे २००७ च्या आरंभीं. तत्पूर्वींच्या विंडोज एक्सपीमध्यें बहुतेक घरांत जो तो कर्त्याच्या पूर्ण अधिकारानेंच संगणक उघडीत असे. त्यामुळें बाहेरून एखादा घातकी प्रोग्राम शिरला तर त्यालाहि आपोआप तेच अधिकार मिळत, आणि कोठींतील कोणत्याहि फळीवर तो हात टाकूं शके. व्हिस्टापासून नियम झाला कीं कोठींतील वस्तु वाचावी, चालवावी. तेथें लिहावयाचें असेल तर प्रथम परवानगी घ्यावी. पडदा अंधुक होऊन "यास मुभा द्यावी काय?" असा जो प्रश्न येतो, तो या द्वारपालाचा.

नियम उत्तम, पण जुन्या प्रोग्रामांचें काय? त्यांपैकीं कित्येक आपली हिशेबाची वही आपल्याच फळीवर, म्हणजे कोठींत, ठेवीत आले होते. कुलूप लागतांच ते सारे बंद पडले असते. म्हणून विंडोजनें एक तडजोड काढली. जुन्या घडणीचा प्रोग्राम कोठींतील वहींत लिहूं लागला तर द्वारपाल त्यास अडवीत नाहीं. तो त्या वहीची एक नक्कल करून लिहिणाराच्या स्वतःच्या खोलींत, 'व्हर्च्युअल स्टोअर' नांवाच्या कप्प्यांत, गुपचूप ठेवतो. पुढें त्या माणसाच्या नांवें वही मागितली कीं कोठींतील मूळ वही न देतां ही नक्कलच पुढें करतो. प्रोग्रामास वाटतें, आपण कोठींतच लिहीत आहों. माणसासहि तसेंच वाटतें. घरांत संगणक वापरणारा एकटाच असेल तर यांत कांहींच बिघडत नाहीं. पण एकत्र कुटुंबांत काय होतें, तें आतां ऐका.

मामांचा वाडा उत्तर कसब्यांत. थोरले मामा-मामी, धाकटे मामा-मामी, मुलें आणि आजी असें एका चुलीवरचें घर. घरखर्चाची वही पूर्वीं आजोबा लिहीत. २००४ च्या सुमारास ती संगणकावर गेली, एका लहानशा हिशेबाच्या प्रोग्रामांत. सर्वजण एकाच नांवानें संगणक उघडीत, त्यामुळें वही एकच राहिली. २०१२ च्या जुलैंत नवा संगणक आला. त्यावर विंडोज ७ होतें. मामेभावानें मोठ्या पद्धतशीरपणें थोरल्या मामांचें एक आणि धाकट्या मामींचें एक अशीं निराळीं खातीं उघडून दिलीं, आणि जुना प्रोग्राम वहीसकट नव्या कोठींत आणून ठेविला. थोरले मामा शेताचें उत्पन्न, घरपट्टी, वीज, औषधें लिहीत. धाकट्या मामी किराणा, दूध, मुलांची फी. दिवाळीच्या पाडव्यास वही सर्वांसमोर वाचावयाची, हा आजोबांनीं घालून दिलेला परिपाठ.

त्या पाडव्यास थोरल्या मामांनीं आपल्या खात्यांतून वही उघडली, तों जुलैपासून किराण्याची एकहि नोंद नाहीं. धाकट्या मामी चकित झाल्या. "भाऊजी, मी एक दिवस चुकलें नाहीं," असें म्हणून त्यांनीं आपल्या खात्यांतून तीच वही उघडून दाखविली. किराण्याच्या सर्व नोंदी तेथें होत्या. मात्र शेताच्या उत्पन्नाचा पत्ता नव्हता. "येथें तर तुमचें उत्पन्नच दिसत नाहीं," असें त्या सहज बोलून गेल्या. "म्हणजे तें मीं लिहिलेंच नाहीं, असें म्हणणें आहे काय?" थोरल्या मामांनीं विचारलें. झालें! कोणीतरी नोंदी पुसल्या आहेत याविषयीं दोन्ही बाजूंस शंका उरली नाहीं. प्रश्न एवढाच राहिला कीं पुसल्या कोणीं.

दुसऱ्या दिवशीं भाऊबीजेस आईला घेऊन मी वाड्यांत पाऊल टाकलें, तों सणाच्या घरांत कोणी कोणाशीं बोलत नव्हतें. चुली वेगळ्या झाल्या तर बरें, असा शब्दहि रात्रीं निघून गेल्याचें कळलें. आजी देवघराच्या उंबऱ्याशीं बसली होती. ती मला म्हणाली, "अरे, तुझ्या आजोबांच्या वहीनें चाळीस वर्षांत कधीं भांडण लावलें नाहीं. ही वही खोटें बोलते, कीं माझीं मुलें?"

मी जेवण तसेंच ठेवून संगणकापाशीं बसलों. मलाहि प्रथम कांहीं उमगेना. मग प्रोग्राम न उघडतां मीं नुसता कोठींतील त्याचा कप्पा उघडून पाहिला. वहीच्या फाइलीसमोर तारीख होती ती जुलैची! मामेभावानें ती तेथें आणून ठेविली त्या दिवसापासून तिला कोणाचाहि हात लागलेला नव्हता. मग कालपर्यंत दोघें लिहीत होतीं तें कोठें? विंडोज ७ मध्यें अशा वेळीं कप्प्याच्या वरच्या पट्टींत 'कंपॅटिबिलिटी फाइल्स' असें एक बटण दिसे. तें दाबतांच थोरल्या मामांच्या खोलींतला व्हर्च्युअल स्टोअर उघडला, आणि त्यांत तीच वही आदल्या दिवशींच्या तारखेसह हजर! धाकट्या मामींच्या खात्यांत शिरून तसेंच केलें, तेथें तिसरी. घर एक आणि वह्या तीन! एक कोठींत जशीच्या तशी पडलेली, आणि दोन दोघांच्या पेट्यांत परस्परांस न कळत वाढलेल्या. कोणीं कांहीं पुसलें नव्हतें. दोघांनींहि इमानानें प्रत्येक पै लिहिली होती.

दुपारीं थोरले मामा आपल्या वहींतून एकेक नोंद वाचीत गेले आणि धाकट्या मामी आपल्या वहींत ती चढवीत गेल्या. दिवे लागणीला बेरीज झाली, ती तिजोरींतल्या रोख शिलकेशीं आणि बँकेच्या पुस्तकाशीं जुळली. त्या प्रोग्रामांत वहीची जागा बदलून सांगण्याची सोय होती. ती वही 'युजर्स' मधील 'पब्लिक' या सर्वांसाठीं मोकळ्या असलेल्या कप्प्यांत हलविली, आणि ही नवी जागा दोन्ही खात्यांतून एकेकदां सांगितली. एकाच खात्यांतून सांगितली असती तर ती सूचनाहि एकट्याच्याच पेटींत जाऊन पडली असती! मग थोरल्या मामांनीं 'भाऊबीज, ओवाळणी' अशी नोंद आपल्या खात्यांतून केली, आणि ती धाकट्या मामींनीं आपल्या खात्यांतून वाचून दाखविली. रात्रीं पंगत एकच बसली.

यांत चूक कोणाची? मामांची नव्हे, मामींची नव्हे, आणि द्वारपालाची तर नव्हेच. त्यानें जुन्या पाहुण्याची अब्रू राखली. चूक मूळ प्रोग्राम रचणाराची. त्यानें चादर माळेस बांधली होती. हुकूम आणि माल एका फळीवर ठेविला होता. ही तडजोड तात्पुरती आहे, तिच्यावर विसंबूं नये, असें विंडोजच्या कर्त्यांनीं प्रोग्रामकारांस प्रथमपासूनच बजावलें आहे. नव्या ६४ बिटांच्या प्रोग्रामांस तर ती मुळींच लागू होत नाहीं.

या '६४'वरून आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. संगणकाचा मेंदू एका वेळीं किती रुंद संख्या हाताळतो यावरून त्यास ३२ किंवा ६४ बिटांचा म्हणतात. १९७८ सालीं इंटेलनें ८०८६ हा मेंदू काढला. त्याच्या पुढील पिढ्यांचीं नांवें ८०२८६, ८०३८६ अशीं पडलीं, आणि शेवटचें '८६' हें घराण्याचें आडनांव होऊन बसलें. 'एक्स ८६' हें विशेषण येथें त्या घराण्याच्या ३२ बिटी घडणीस अनुलक्षून आहे. ६४ बिटी विंडोजवर दोन्ही घडणींचे प्रोग्राम चालतात. परंतु ६४ बिटी प्रोग्रामास ३२ बिटी साहाय्यक फाइल आपल्यांत घेतां येत नाहीं, आणि उलटहि नाहीं. एकाच नांवाची फाइल दोन घडणींत असूं शकते. म्हणून कोठ्या दोन : नव्या घडणीची 'प्रोग्राम फाइल्स', जुन्या घडणीची 'प्रोग्राम फाइल्स एक्स ८६'. तेव्हां हे एका जिनसाचे दोन डबे नव्हेत. गव्हाचा एक आणि ज्वारीचा एक. झांकणें तेवढीं सारखीं.

या प्रकरणांतली एक गंमतहि सांगून ठेवतों. खुद्द विंडोजच्या कप्प्यांत 'सिस्टिम ३२' आणि 'सिसवॉव ६४' असे दोन कप्पे असतात. ६४ बिटी संगणकावर पहिल्यांत ६४ बिटी फाइली असतात आणि दुसऱ्यांत ३२ बिटी! पुष्कळ जुन्या प्रोग्रामांनीं 'सिस्टिम ३२' हें नांव आपल्या पोटांत कायमचें लिहून ठेविलें असल्यामुळें तें बदलतां आलें नाहीं. नांव आजोबांचें चाललें, संसार नातवाचा. म्हणून नांव वाचून कप्पा काढणें हें नेहमींच धोक्याचें.

इतर पद्धतींत हाच विवेक निराळ्या मांडणीनें दिसतो. लिनक्समध्यें प्रोग्रामवार फळ्या क्वचितच असतात. वस्तूंची विभागणी जातवार होते. सर्व प्रोग्रामांचे हुकूम एका कप्प्यांत, साहाय्यक फाइली दुसऱ्यांत, व्यवस्थेचीं टिपणें तिसऱ्यांत, आणि माणसांच्या खोल्या 'होम' या कप्प्यांत. स्वयंपाकघरांत सगळे झारे एका खुंटीवर आणि सगळ्या वाट्या एका फळीवर, तसें हें. या मांडणीचा सर्वमान्य नियम प्रथम १९९४ सालीं लिहिला गेला आणि त्याची तिसरी आवृत्ति २०१५ सालीं निघाली. पुण्यांत मुख्य कचेरी असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही पद्धत लिनक्सवरच उभारलेली आहे. ॲपलच्या मॅकवर 'ॲप्लिकेशन्स' या कप्प्यांत प्रत्येक प्रोग्राम एकाच गांठोड्यांत असतो. वरून एक वस्तु, आंत सारा संसार. हातांतल्या अँड्रॉइड फोनांत तर प्रत्येक ॲपास निराळा खातेदार समजून स्वतंत्र खोली दिलेली असते. शेजाऱ्याची पेटी परवानगीवांचून उघडतां येत नाहीं.

तात्पर्य, घरच्या संगणकाविषयीं कांहीं गोष्टी गृहिणींनीं आणि गृहस्थांनीं ध्यानांत ठेवाव्या. दोहोंपैकीं कोणतीहि कोठी हातानें पुसूं नये, तिचें नांव बदलूं नये. एखादा प्रोग्राम नको असेल तर 'सेटिंग्ज' मधील 'ॲप्स' या यादींतून तो काढावा, म्हणजे बारनिशींतील नोंदीहि त्याबरोबर निघतात. जागाच हवी असेल तर प्रथम 'डाउनलोड्स' आणि जुनीं चलच्चित्रें पाहावीं. अडगळ बहुधा तेथें असते. नक्कल जपून ठेवावयाची ती आपल्या खोलीची आणि सामाईक वह्यांची, कोठीची नव्हे. प्रोग्राम पुन्हां बसवितां येतो, पण पांच महिन्यांचा हिशेब पुन्हां कोण आठवून लिहिणार? आणि एकाच प्रोग्रामांत घरांतील दोघेंतिघें लिहीत असतील, तर पहिल्याच दिवशीं एकानें आपल्या खात्यांतून एक नोंद करावी आणि दुसऱ्यानें आपल्या खात्यांतून ती दिसते कीं नाहीं तें पाहावें. या परीक्षेस दोन मिनिटें लागतात.

पत्रलेखिका भगिनींनीं दोन्ही कोठ्या निःशंकपणें तशाच राहूं द्याव्या. मामांच्या वाड्यांत तो जुना प्रोग्राम जाऊन आतां नवा आला आहे. परंतु पाडव्यास वही वाचण्यापूर्वीं ती दोन्ही खात्यांतून उघडून पाहण्याचा परिपाठ मात्र अजून चालू आहे.